वरचा मजला गार, पण खालचं हीटिंग लागलं की गरम: झोन व्हॉल्व्हचा प्रश्न

नमस्कार मंडळी,

उन्हाळ्यात डॅलसहून मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूसबरीला राहायला आलो. तिकडे गरम हवेची फर्नेस होती. इथे गॅसचा बॉयलर आणि भिंतीलगत गरम पाण्याचे बेसबोर्ड, त्यामुळे सगळंच नवीन. दोन मजल्यांना दोन थर्मोस्टॅट आहेत. वरचा ६८ फॅरनहाइटवर ठेवलाय, खोल्या मात्र ६१ च्या पुढे जात नाहीत. विचित्र म्हणजे खालचं हीटिंग चालू असलं की वरही गरम होतं. खालचं थांबलं की वरचंही थांबतं. प्लंबर सोमवारी येणार. फोनवरच म्हणाला, झोन व्हॉल्व्ह (एकेका मजल्याकडे, म्हणजे झोनकडे, जाणारं गरम पाणी सोडणारा-अडवणारा व्हॉल्व्ह) बदलावा लागेल. सासू-सासरे पुण्याहून आलेत आणि बाबा कानटोपी घालून झोपतायत. कुणाला काही माहिती?

— श्रूसबरीहून

* * *

बेसबोर्डमध्ये हवा अडकली असेल. ब्लीडर (हवा सोडायची छोटी तोटी) उघडून बघा. आमच्याकडे दर ऑक्टोबरला हेच.

— नेटिकहून

* * *

ताई,

हवा नाही. हवा अडकली असती तर खालचं चालू असतानाही वर गार राहिलं असतं, आणि पाइपांत गुडगुड ऐकू आली असती.

तुमचा वरचा थर्मोस्टॅट थेट बॉयलरला जोडलेला नसतो. तो फक्त झोन व्हॉल्व्हला २४ व्होल्ट देतो. व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की त्याच्या डोक्यातला छोटा एंड स्विच दाबला जातो, आणि मग बॉयलर पेटतो, पंप फिरतो. सगळ्या झोनचे एंड स्विच समांतर जोडलेले असतात, म्हणून कुठलाही एक लागला तरी बॉयलरला पुरतं. तुमचा वरचा व्हॉल्व्ह उघडतोय, पण त्याचा स्विच लागत नाहीये. खालच्याने बॉयलर पेटवला की वरच्याची फुकटात सोय होते! व्हॉल्व्हच उघडत नसता तर खालचं रात्रभर चालूनही वर काही पोचलं नसतं.

खात्री करून घ्या. खालचा थर्मोस्टॅट पूर्ण बंद करा (नाहीतर समांतर जोडणीमुळे मीटर फसवतो), वरचा वाढवा आणि मिनिटभर थांबा. आता बेसमेंटमध्ये व्हॉल्व्हवरची चौकोनी डबी, म्हणजेच त्याचं डोकं, बघा. तिच्या बाजूची दांडी हाताला सैल लागली तर व्हॉल्व्ह उघडलाय. जड लागली तर नाही. डबीतून दोन पिवळ्या वायरी निघत असतील तर त्या मोटरच्या आणि दोन लाल त्या स्विचच्या. मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावा. पिवळ्यांवर २४ च्या आसपास दिसायला हवेत. लाल वायरींवर शून्य आलं तर स्विच ठीक. तिथेही २४ दिसले तर स्विच गेला. बॉयलरच्या कंट्रोल बॉक्सचं झाकण मात्र उघडू नका, आत १२० व्होल्ट असतात.

दांडी ओढून अडकवून ठेवायचा सल्ला कुणी देईल. तुमच्या बाबतीत उपयोग नाही: त्याने व्हॉल्व्ह उघडतो, स्विच लागत नाही.

व्हॉल्व्ह टाको कंपनीचा ५७१ मॉडेलचा असेल तर प्रकरण वेगळं. त्यात फिरणारी मोटर नसते, आतला भाग तापून व्हॉल्व्ह उघडतो. त्याला वेळ लागतो, लोक उगाच मेला म्हणून काढून टाकतात.

सोमवारपर्यंत खालचा ७२ वर ठेवा, वर आपोआप ऊब येईल. बाहेरच्या भिंतीतले पाइप गोठतात, म्हणून वरचा बंद करू नका.

— ॲक्टनहून

* * *

काका, पिवळ्यांवर २६, लाल वायरींवरही २६! दांडी सैल. डबीवर एक बटण आहे, ते दाबून डोकं निघतं असं दिसतंय. म्हणजे अख्खा व्हॉल्व्ह नको ना? हे घरी करण्यासारखं आहे का?

— श्रूसबरीहून

* * *

नको. बटणाचं आहे म्हणजे नुसतं डोकं बदलायचं, पाणी काढायची किंवा पाइप कापायची गरज नाही. प्लंबरला फोन करून आधीच सांगा, म्हणजे तो अख्ख्या व्हॉल्व्हचे पैसे लावणार नाही. स्वतः करणार असाल तर आधी बॉयलरचा ब्रेकर पाडा आणि वायरींचा फोटो काढून ठेवा. दुकानात चार वायरींचंच डोकं मागा. एंड स्विच नसलेलं, नुसत्या पिवळ्या वायरींचंही मिळतं आणि दिसायला डिट्टो तसंच असतं. शनिवारी मी घरी आहे, अडलं तर फोन करा.

— ॲक्टनहून