लोकलच्या नकाशाचे मेट्रिक डायमेन्शन: जंक्शने घेऊनही स्थानके वेगळी ओळखता येत नाहीत

कांजूर_कोडर:
मुंबई लोकलचा ग्राफ केला आहे. स्थानक म्हणजे शिरोबिंदू, धीम्या गाडीची लागोपाठची दोन स्थानके कडेने जोडलेली, प्रत्येक कड १ अंतराची. कमीत कमी किती खुणेची स्थानके ठरवली तर केवळ त्यांच्यापासूनच्या अंतरांवरून प्रत्येक स्थानक वेगळे ओळखता येईल? (हीच संख्या म्हणजे ग्राफचे मेट्रिक डायमेन्शन.) सगळीकडे फाटे जातात म्हणून दादर, कुर्ला, ठाणे, कल्याण घेतले. तरी बऱ्याच जोड्यांची अंतरे सारखीच येतात. माझ्या यादीत १२० स्थानके आहेत, त्यामुळे सगळे उपसंच तपासायचे तर पाच-पाचचे गटच १९ कोटींवर जातात. नेमका आकडा कसा काढायचा?

माटुंगा_आलेख:
जंक्शन ही खुणेसाठी सर्वात वाईट जागा. कल्याणवर खूण ठेवा: ठाकुर्ली, शहाड आणि विठ्ठलवाडी तिन्ही १ अंतरावर. आपल्याच फाट्यांमध्ये ते भेद करू शकत नाही. जोडीला सीएसएमटी घेतले तर ठाकुर्ली सुटते, पण शहाड आणि विठ्ठलवाडी तशीच अडकून राहतात, कारण सीएसएमटीकडून दोन्हीकडे जायचे तर कल्याणवरूनच जावे लागते.

फक्त मध्य रेल्वेची मुख्य लाइन घ्या: सीएसएमटी ते कल्याण, तिथून एक फाटा कसाऱ्याला, दुसरा कर्जतवरून खोपोलीला. हा वृक्ष आहे, म्हणजे यात वलय नाही. वृक्षासाठी सूत्र तयार आहे (मेट्रिक डायमेन्शनची संकल्पना स्लेटर यांनी १९७५ मध्ये आणि हरारी-मेल्टर यांनी १९७६ मध्ये स्वतंत्रपणे मांडली): एकूण टोके (एकच कड असलेली स्थानके) मोजा. मग पदवी (जोडलेल्या कडांची संख्या) ३ किंवा जास्त असलेले असे शिरोबिंदू मोजा, ज्यांच्यापासून मध्ये दुसरा फाटा न लागता किमान एका टोकापर्यंत जाता येते. पहिल्यातून दुसरे वजा करा. इथे ३ वजा १, म्हणजे २. तीनपैकी कोणतीही दोन टोके चालतात, कसारा आणि खोपोलीसुद्धा.

दोन ठिकाणी हमखास चूक होते. ज्या फाट्याला थेट टोक लटकलेले नाही तो मोजायचा नाही. आणि सरळ रेषेला हे सूत्र लावायचे नाही, तिथे उत्तर १ असते. उलट, उत्तर १ आले तर ग्राफ सरळ रेषाच असतो.

संपूर्ण नकाशा वृक्ष नाही, पण एक गोष्ट तिथेही लागू पडते: एखाद्या शिरोबिंदूला तीन शेपट्या (टोकाशी संपणाऱ्या, फाटा नसलेल्या फांद्या) लटकलेल्या असतील तर त्यांपैकी किमान दोघींमध्ये खूण हवीच. खालची मर्यादा इथूनच काढायला लागा.

ऐरोली_२१:
वलयांबद्दल भर घालतो, कारण ट्रान्स-हार्बर (ठाणे-वाशी) मार्गामुळे तुमच्या ग्राफमध्ये एक सुंदर वलय आहे: कुर्ला, घाटकोपर, ठाणे, ऐरोली, तुर्भे, सानपाडा, वाशी, मानखुर्द, चेंबूर, परत कुर्ला. केवळ हे वलय वेगळे काढले तर डायमेन्शन २. शिरोबिंदू विषम असतील तर कोणतेही दोन चालतात. सम असतील तर समोरासमोरचे दोन चालत नाहीत.

२०२४ मध्ये दिघा गाव सुरू होण्याआधी या वलयात २० स्थानके होती आणि कुर्ला-रबाळे बरोबर समोरासमोर, दोन्ही बाजूंनी १०. या जोडीने विद्याविहार आणि टिळकनगर दोघांना (१, ९) मिळायचे, म्हणजे कुर्ल्यापासून १ आणि रबाळेपासून ९. आता २१ स्थानके आहेत: विद्याविहार (१, १०), टिळकनगर (१, ९). एका स्थानकाने तीच जोडी चालू लागली.

म्हणून तुकड्यांची उत्तरे बेरजेने जोडू नका. उपग्राफचे डायमेन्शन मोठ्या ग्राफपेक्षा जास्तही असू शकते: चार फांद्यांच्या ताऱ्याचे ३, पण तो ज्यात बसतो त्या ३×३ जाळीचे २ (एकाच बाजूचे दोन कोपरे, समोरासमोरचे कोपरे तिथेही चालत नाहीत).

सॉल्व्हर_ठाणे:
सर्वसाधारण ग्राफसाठी प्रश्न एनपी-हार्ड आहे (झटपट सोडवणारी पद्धत माहीत नाही), पण १२० शिरोबिंदूंना घाबरायचे कारण नाही. प्रत्येक शिरोबिंदूवरून बीएफएस (एकेक पायरीने शेजारी शोधत अंतरे मोजणारी पद्धत) चालवून १२०×१२० चा अंतरांचा तक्ता करा. प्रत्येक स्थानकासाठी ० किंवा १ असे एक चल. मग स्थानकांच्या प्रत्येक जोडीसाठी एक अट: त्या दोघांपासून ज्यांची अंतरे वेगळी आहेत, अशा स्थानकांच्या चलांची बेरीज किमान १. अटी ७,१४० होतात. बेरीज लहानात लहान करायला सीबीसी (CBC) किंवा हाय्ज (HiGHS) या सॉल्व्हरला, म्हणजे अशा अटी सोडवणाऱ्या प्रोग्रामला, द्या. ग्रीडी (दर पायरीला तेव्हाची सर्वोत्तम निवड) वापरायचा तर प्रत्येक वेळी ज्याने सर्वाधिक न सुटलेल्या जोड्या सुटतात ते स्थानक निवडा. पदवीवरून निवड करणे सोडा. ग्रीडीचे उत्तर सॉल्व्हरला वरची मर्यादा म्हणून उपयोगी पडते, नेमके उत्तर म्हणून ते धरू नका.

त्याआधी डेटा तपासा. दादर पश्चिम आणि मध्य दोन्ही याद्यांत येते. कुर्ला, मशीद, सँडहर्स्ट रोड मध्य आणि हार्बर दोन्हींत. नावे एकत्र केली नाहीत तर एकाच स्थानकाचे दोन शिरोबिंदू होतात आणि अंतरे चुकतात, किंवा ग्राफच तुटतो. न पोहोचलेल्या शिरोबिंदूला बीएफएस -१ देत असेल तर कोड ते खरे अंतर समजून जोड्या 'सुटल्या' म्हणतो. शेवटी अंतरांच्या ओळी क्रमाने लावून शेजारच्या दोन सारख्या नाहीत ना, एवढे बघा.

कांजूर_कोडर:
कल्याणचे उदाहरण हाताने करून पाहिले, पटले. एक उपप्रश्न: एखाद्या खुणेचे अंतर मिळालेच नाही तरी ओळख टिकायला हवी असेल तर?

सॉल्व्हर_ठाणे:
प्रत्येक अटीत उजवीकडचा १ बदलून २ करा. याला फॉल्ट-टॉलरंट मेट्रिक डायमेन्शन म्हणतात. मुख्य लाइनच्या वृक्षावर उत्तर ३ येते: सीएसएमटी, कसारा, खोपोली तिन्ही.