देव चांगला आहे आणि सर्वसमर्थही, मग दुष्टाई का? अभ्यासवर्गात हे कसं मांडावं?

शोधक
तरुणांच्या बायबल अभ्यासवर्गात हा विषय घ्यायचाय. वेळ दीड तास. येणाऱ्यांत विश्वासणारे आहेत, तसे न मानणारेही. सध्याचा आराखडा असा: ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसचा पेच (शीर्षकातला प्रश्न तोच), त्याला इच्छास्वातंत्र्याचं उत्तर, मग निर्दोष असून सगळं गमावणाऱ्या ईयोबाचं पुस्तक, शेवटी रोमकरांस पत्र ८:२८ (देवावर प्रीती करणाऱ्यांना सगळं मिळून भल्यासाठी होतं, हे वचन). तीन ठिकाणी अडलंय. इच्छास्वातंत्र्य खून-लढायांपुरतं ठीक, पण भूकंपाचं आणि तान्ह्या बाळाच्या आजाराचं काय? ईयोबाचे ४२ अध्याय एवढ्या वेळात कसे बसवायचे? आणि "सगळ्यातून शेवटी भलंच होतं" असं म्हणून थांबणं योग्य आहे का?

पानोपानी
आधी एक गाठ सोडवून घ्या. या एका प्रश्नात दोन वेगळे आक्षेप दडलेले असतात, आणि एकाचं उत्तर दुसऱ्याला दिलं की वर्ग भरकटतो.

पहिला आक्षेप तर्काचा: सर्वसमर्थ, पूर्ण चांगला देव आणि दुष्टाई एकत्र असूच शकत नाहीत. तत्त्वज्ञ जे. एल. मॅकी यांनी १९५५ मध्ये तो नेमकेपणाने मांडला. ख्रिस्ती तत्त्वज्ञ अल्विन प्लँटिंगा यांचं उत्तर (१९७४) असं की खरोखर स्वतंत्र असलेल्या माणसाकडून दर वेळी चांगलंच "करवून घेणं" हे सर्वसमर्थालाही शक्य नाही, कारण करवून घेतलं की ते स्वातंत्र्य उरत नाही. हा बचाव आहे, स्पष्टीकरण नव्हे. देवाने दुष्टाई का होऊ दिली हे तो सांगत नाही. दोन्हींत विसंगती सिद्ध होत नाही, एवढंच दाखवतो. हा फरक फळ्यावर लिहून ठेवा.

दुसरा आक्षेप पुराव्याचा. विल्यम रो यांनी १९७९ मध्ये एक उदाहरण दिलं: दूरच्या जंगलात वणवा लागतो, हरणाचं एक पाडस होरपळतं, कित्येक दिवस तडफडून मरतं. बघायला कुणी नाही, त्यातून कुणी काही शिकत नाही. रो असं म्हणत नाहीत की देव अशक्य आहे. अशी दुःखं पाहता त्याचं असणं संभवत नाही, असं म्हणतात. इथे इच्छास्वातंत्र्याचा काडीचा उपयोग नाही. तुमचा भूकंपाचा प्रश्न याच खान्यातला.

भूकंपाला सहसा दिलं जाणारं उत्तर म्हणजे सृष्टीचे स्थिर नियम. नियम भरवशाचे नसतील तर कृतीला परिणाम नाही, आणि परिणाम नसेल तर जबाबदारीही नाही. उत्तर चांगलं आहे, पण अपुरं. नियम हवेत हे पटतं. हेच नियम, एवढ्याच तीव्रतेने का, हे त्यातून निघत नाही. १ नोव्हेंबर १७५५ ला, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, चर्च भरलेली असताना पोर्तुगालचं लिस्बन शहर भूकंपाने हादरलं. मग समुद्राच्या लाटा आल्या, मग आग. त्याच्या ४५ वर्षं आधी तत्त्वज्ञ लायब्निझ यांनी हे जग शक्य असलेल्या जगांत सर्वोत्तम असल्याचं मांडलं होतं. लिस्बननंतर ते वाक्य उच्चारणंही अवघड झालं.

नास्तिक पण वाचणारा
वरचं मांडणं प्रामाणिक आहे, म्हणून दोन गोष्टी जोडतो. एक, दुःखातून माणूस घडतो हे जॉन हिक यांचं उत्तर (१९६६) कुणीतरी काढेलच. जन्मून दोन दिवसांत गेलेलं बाळ कधी घडणार, हा प्रतिप्रश्न तयार ठेवा. हिक यांना घडण्याची प्रक्रिया मरणानंतरही चालू ठेवावी लागते. तसं वर्गाला सरळ सांगा. दोन, "देवाची कारणं आपल्याला दिसणार नाहीत" याचीही किंमत असते. त्याची कारणं इतकी अगम्य असतील तर त्याच्या वचनावर विसंबण्याचा आधारही हलतो. श्रद्धावानांनी याचं उत्तर द्यायलाच हवं.

ओवी ओवी
ईयोबाबद्दल. पूर्ण वाचू नका, पण सारांशही सांगू नका. हे भाग मोठ्याने वाचून घ्या: १ आणि २ पूर्ण, ३:१-११, ४:७-८, ८:१-६, १३:४-७, ३८:१-७, ४२:७-९. वाचनाला वीस मिनिटं पुरतात.

८:४ वर थांबा. ईयोबाची दहा मुलं एका दिवसात गेली आहेत, आणि सांत्वनाला आलेल्या तिघा मित्रांपैकी बिल्दद त्या बापाला सुचवतो की मुलांनी पाप केलं, त्याचं फळ त्यांना मिळालं. शेवटी देव कोणावर कोपतो? ओरडणाऱ्या ईयोबावर नाही, तर देवाची बाजू घेणाऱ्या या तिघा मित्रांवर (४२:७). कितीतरी प्रवचनं या वचनापाशी पोचतच नाहीत, याचं वाईट वाटतं. पहिल्या अध्यायातला स्वर्गातला, देव आणि सैतान यांचा संवाद ईयोबाला शेवटपर्यंत कळत नाही, हेही दाखवा. शेवटी गुरंढोरं दुप्पट मिळतात, मुलं मात्र पुन्हा दहाच; गेलेल्यांची भरपाई झाली असं पुस्तक म्हणत नाही.

मग थेट लूक १३:१-५. रोमी सुभेदार पिलाताने मारलेले गालीली आणि शिलोहातला बुरूज कोसळून मेलेले अठरा जण, म्हणजे माणसाची क्रूरता आणि अपघात, येशू दोन्ही एकाच दमात घेतो. ते इतरांहून जास्त पापी होते का? नाही, असं तो दोनदा म्हणतो. कारण मात्र सांगत नाही. ऐकणाऱ्यांनाच पश्चात्तापाकडे वळवतो. योहान ९:३ मध्येही जन्मांधाच्या बाबतीत "कोणी पाप केलं" हा हिशेब तो मोडीत काढतो.

शोधक
मग ८:२८ वगळू का?

ओवी ओवी
वगळू नका, एकटं वाचू नका. ८:१८ पासून ३९ पर्यंत सलग वाचा. आधी सृष्टी कण्हते, मग आपण कण्हतो, मग आत्माही. "भलं" म्हणजे काय ते २९ व्या वचनात आहे: पुत्रासारखं होणं, संकट टळणं किंवा बरकत येणं नव्हे. ३५ व्या वचनात दुष्काळ, नग्नता, तलवार ही यादी तशीच आहे. दुष्टाईच मुळात चांगली होती असं कुणी काढलं तर याच पत्रातलं ३:८ दाखवा; भलं व्हावं म्हणून वाईट करावं, हे पौल तिथे धुडकावतो.

नास्तिक मित्रांच्या दुसऱ्या मुद्द्याला ख्रिस्ती उत्तर वधस्तंभापाशीच सुरू होतं. कारणं अगम्य असली तरी देव स्वतः कुठे उभा राहिला ते तिथे दिसतं. मार्क १५:३४ मधला "माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" हा आक्रोश देवाच्या पुत्राचा, येशूचा आहे. यानेही "का" सुटत नाही, आणि सुटल्याचा आव आणू नका.

पानोपानी
वेळेची वाटणी अशी करा: तर्क आणि पुरावा २५ मिनिटं, ईयोब ३५, लूक आणि रोमकरांस २०, उरलेली १० स्तोत्र १३ ला. सहा वचनं आहेत: दोन तक्रारीची, दोन मागण्याची, दोन भरवशाची. ज्यांना शेवटची दोन म्हणवत नाहीत त्यांच्यासाठी स्तोत्र ८८ आहे. ते अंधारातच संपतं आणि तरीही प्रार्थनाच आहे. नुकतंच कुणाच्या घरी दुःख घडलं असेल तर पहिली २५ मिनिटं गाळून टाका आणि ईयोब २:१३ पासून सुरू करा. सात दिवस, सात रात्री मित्र नुसते बसून होते. त्यांचं बिघडलं ते बोलायला लागल्यावर.