मदत हवी आहे : १९०८ च्या ऑलिंपिक स्प्रिंट शर्यतीच्या निकालासाठी नेमका मराठी शब्द

नमस्कार मंडळी,

आमच्या वसाहतीच्या दिवाळी अंकासाठी मी ऑलिंपिकमधील ट्रॅक सायकलिंगवर एक लेख लिहिला असून त्यासोबत पुरुषांच्या स्प्रिंट शर्यतीच्या विजेत्यांचा छोटा तक्ता दिला आहे. त्या तक्त्यातील १९०८ सालाच्या ओळीपुढे मी केवळ आडवी रेघ मारली होती आणि खुलासा लेखात केला होता. मुद्रिते तपासून परत आली तेव्हा रेघेच्या जागी लाल शाईने ‘रद्द’ असा शब्द लिहिलेला होता. हा शब्द मला पटत नाही. पण त्याच्या जागी कोणता घालावा तेही सुचत नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

प्रकरण थोडक्यात सांगतो. १९०८ चे ऑलिंपिक लंडनला व्हाइट सिटी स्टेडियममध्ये झाले. तेथे धावण्याच्या मार्गाच्या बाहेरून सायकलींसाठी ६६० यार्डांचा, म्हणजे सुमारे ६०३ मीटरचा, स्वतंत्र ट्रॅक बांधलेला होता. स्प्रिंटचे अंतर १००० मीटर होते. एक पूर्ण फेरी आणि वर साधारण ४०० मीटर. अंतिम शर्यतीत चौघे होते : फ्रान्सचा मोरिस शिल आणि ब्रिटनचे बेन जोन्स, व्हिक्टर जॉन्सन व क्लॅरेन्स किंग्जबरी. शर्यत १ मिनिट ४५ सेकंदांच्या आत संपली पाहिजे, अशी अट होती.

सुरुवात होते न होते तोच जॉन्सनचे चाक पंक्चर झाले. उरलेले तिघे एकमेकांवर नजर ठेवून रांगत राहिले, कारण पुढे जाण्याची कोणाचीच इच्छा नव्हती. पुढे किंग्जबरीच्या चाकाचीही तीच गत झाली. अखेरच्या टप्प्यात शिल आणि जोन्स यांनी जोर लावला आणि शिलने अवघ्या काही इंचांनी जोन्सच्या आधी रेषा ओलांडली. मात्र तोपर्यंत घड्याळाचा काटा मर्यादेच्या पुढे गेलेला होता. पंचांनी ती शर्यत धरली नाही, पुन्हा घेण्यासही नकार दिला आणि एकही पदक दिले गेले नाही.

आता माझी अडचण पाहा. ‘रद्द’ म्हटले की पावसामुळे रद्द झालेली गाडी किंवा सभा डोळ्यांसमोर येते, म्हणजे जी गोष्ट घडलीच नाही ती. येथे तर शर्यत सुरू झाली, दोघांची चाके पंक्चर झाली आणि एकाने रेषाही आधी ओलांडली. दुसरी अडचण याहून मोठी आहे. त्याच तक्त्यात १९१६ ची ओळ आहे आणि त्या वर्षीचे ऑलिंपिक महायुद्धामुळे झालेच नाही, त्यामुळे तेथे ‘रद्द’ हाच शब्द योग्य आहे. मधल्या १९१२ मध्ये स्टॉकहोमला ऑलिंपिक झाले, पण ट्रॅकवरील सायकल शर्यती ठेवलेल्या नव्हत्या. ऑलिंपिकमध्ये स्प्रिंट पुन्हा झाली ती थेट १९२० मध्ये अँटवर्पला आणि ती नेदरलँड्सच्या मोरिस पेटर्सने जिंकली. म्हणजे लागोपाठ तीन ओळींत विजेता नाही आणि तिन्ही ठिकाणी कारण वेगळे आहे. तिन्ही ओळींत ‘रद्द’ लिहिले, तर वाचणाऱ्याला त्यातला फरक कळणार कसा?

‘अनिर्णित’ हा शब्द मी विचारात घेतला होता. पण क्रिकेटमुळे त्याचा अर्थ ‘कोणीच जिंकले नाही’ असा रूढ झाला आहे. ‘बाद’ हा शब्द खेळाडूला लागतो आणि येथे कोणा एकाला बाद ठरवलेले नाही. ‘रद्दबातल’ लिहिले की खरेदीखत आठवते. कृपया जाणकारांनी एखादा शब्द सुचवावा. तक्त्यातील जागा अरुंद आहे, तीन-चार शब्दांत भागले तर बरे.

जाता जाता आणखी एक विनंती. संपादक मंडळातील एका ज्येष्ठ काकांनी मला अगदी मनापासून विचारले, “सायकलवाले रांगत होते म्हणता, मग ही आपल्या गणेशोत्सवातली स्लो सायकल स्पर्धा होती का?” मला हसू आले खरे, परंतु नीट उत्तर देता आले नाही. वेगाच्या शर्यतीत माणसे सावकाश का जातात, हे चार वाक्यांत कसे सांगावे?

प्रतिसाद १

आपल्या काकांचा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. मी काही वर्षे ट्रॅकवर सायकल चालवली आहे, म्हणून आधी त्याचेच उत्तर देतो.

वेगात जाणाऱ्या सायकलस्वाराची बहुतेक ताकद समोरची हवा कापण्यात खर्च होते. त्याच्या मागच्या चाकाला लागून जो चालवतो त्याला तीच हवा कापलेली मिळते, त्यामुळे त्याची ताकद शिल्लक राहते आणि शेवटच्या दोन-अडीचशे मीटरमध्ये तो पुढच्याला मागे टाकू शकतो. शिवाय मागच्याला पुढचा दिसत असतो, तर पुढच्याला मान वळवून पाहावे लागते. साहजिकच प्रत्येकाला दुसरा आपल्या पुढे हवा असतो आणि त्या खटपटीत सगळेच मंदावतात. ट्रॅकच्या सायकलीला ब्रेक नसतो आणि फ्रीव्हीलही नसते. चाक फिरले की पायडल फिरलेच पाहिजे. त्यामुळेच पायांनी चाक रोखून धरून, पुढचे चाक किंचित वळवून जागच्या जागी तोल सांभाळता येतो. तेवढ्यापुरते ते स्लो सायकलसारखे दिसते, हे काकांना खुशाल सांगा. फरक इतकाच की गणपतीत सर्वांत शेवटी पोहोचणारा जिंकतो.

हा खोळंबा कुठवर जाऊ शकतो, याचे उदाहरण म्हणून १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकची उपांत्य फेरी लेखात अवश्य घ्यावी. इटलीचा पेत्तेनेल्ला आणि फ्रान्सचा त्रांतँ हे तेथे जवळजवळ २२ मिनिटे एकाच जागी सायकलीवर तोल सांभाळून उभे राहिले. आता मात्र अशा थांबण्यावर नियमाने मर्यादा घातलेली आहे.

लंडनची वेळेची अट याच दुखण्यावरचा उपाय होती आणि ती फारशी जाचक होती असे मला वाटत नाही. आकडेमोड करून पाहा : १०५ सेकंदांत १००० मीटर म्हणजे ताशी सुमारे ३४ किलोमीटर. त्याच ट्रॅकवर, त्याच ऑलिंपिकमध्ये, एका फेरीची ६६० यार्डांची शर्यत ५१.२ सेकंदांत जिंकली गेली, म्हणजे ताशी सुमारे ४२ किलोमीटर. ती जिंकणारा हाच व्हिक्टर जॉन्सन. त्या गतीने १००० मीटरला ८५ सेकंद पुरतात, म्हणजे डावपेचांसाठी २० सेकंद हाताशी होते. तेवढेही त्यांना पुरले नाहीत.

शब्दाबद्दल माझे मत विचाराल तर ‘अवैध’ लिहावे. मतपत्रिका पेटीत पडलेली असते, मोजताना हातातही येते, पण धरली जात नाही. येथे तेच झाले.

प्रतिसाद २

‘अवैध’ मध्ये कोणी तरी गैर केल्याचा वास येतो. शिलने किंवा जोन्सने लबाडी केली नव्हती, त्यांना फक्त उशीर झाला. मी ‘निकाल ग्राह्य नाही’ असे लिहीन. यात शर्यत झाली हे गृहीत आहे, निकाल लागला हेही गृहीत आहे आणि तो स्वीकारला गेला नाही एवढेच सांगितले आहे.

त्याच ऑलिंपिकमधील ४०० मीटर धावण्याच्या शर्यतीशी तुलना केली तर लेखात हा फरक अधिक उठून दिसेल. तेथे अमेरिकेच्या कार्पेंटरने ब्रिटनच्या हॅल्सवेलची वाट अडवली असे ठरवून पंचांनी त्याला बाद केले आणि शर्यत पुन्हा घेण्याचा आदेश दिला. उरलेल्या दोन्ही अमेरिकन धावपटूंनी पुन्हा धावायला नकार दिल्यामुळे हॅल्सवेल एकटाच धावला आणि सुवर्णपदक त्याला मिळाले. म्हणजे ‘बाद’, ‘पुन्हा’ आणि ‘ग्राह्य नाही’ या तिन्ही गोष्टी एकाच मैदानावर, दहा-बारा दिवसांच्या आत घडल्या. सायकलीच्या पंचांनीही अंतिम शर्यत पुन्हा घेतली असती तर आपल्याला हा शब्द शोधावा लागला नसता. ती घ्यायला हवी होती, असे माझे स्पष्ट मत आहे. निदान ज्यांची चाके पंक्चर झाली त्या दोघांसाठी तरी.

धागाकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. मतपत्रिकेची उपमा मला फार आवडली होती. पण ‘अवैध’ वरचा आक्षेप रास्त आहे. चौघांनाही त्याच ऑलिंपिकमध्ये अन्य शर्यतींत सुवर्णपदक मिळाले होते : जॉन्सनला ६६० यार्डांत, किंग्जबरीला २० किलोमीटरमध्ये, जोन्सला ५००० मीटरमध्ये आणि शिलला आंद्रे ओफ्रेसोबत दोघांच्या सायकलीच्या शर्यतीत. अशा माणसांच्या नावापुढे गैरप्रकाराची सावली पडू नये.

आज संध्याकाळी संपादक मंडळापुढे तिन्ही ओळी ठेवल्या. १९०८ : निकाल ग्राह्य नाही. १९१२ : शर्यत नव्हती. १९१६ : ऑलिंपिक रद्द. लाल शाईवाल्यांनी दोनदा वाचून मान डोलावली आणि शिलने आधी रेषा ओलांडल्याची तळटीप घालण्यासही संमती दिली. काकांना मात्र टोकियोच्या २२ मिनिटांची गोष्ट अजून खरी वाटत नाही. यंदाच्या गणेशोत्सवातल्या विजेत्याला ते बिनाब्रेकच्या सायकलीवर उभे करून पाहणार आहेत.