सल्ला हवा: चे लव्हलेस यांची चार फळ्यांची चित्रं वर्गात कशी घ्यावीत?

रंगपेटी: त्रिनिदादचे चित्रकार चे लव्हलेस यांच्यावर फाउंडेशन कोर्सच्या (कलाशिक्षणाचं पायाभूत वर्ष) २० मुलांसाठी दोन दिवसांची कार्यशाळा घ्यायची आहे. कोणत्या चित्रांपासून सुरुवात करावी? त्यांचं माध्यम 'ॲक्रिलिक आणि कोरडं पिगमेंट (रंगाची भुकटी), बोर्डावर' असं असतं. ते इथल्या सामानात कसं जमवायचं?

गेरू_चुना: न्यूयॉर्कच्या निकोला व्हॅसेल गॅलरीत २०२३ मध्ये लागलेल्या स्नानाच्या चित्रांपासून. मोठी चित्रं बहुतेक ६० × ५० इंची, म्हणजे ३० × २५ च्या चार फळ्या. जोडरेषा लपवलेली नसते. ती ओलांडताना अंगाचा रंग, कधी बघण्याचा कोनच बदलतो, तरी माणूस एकसंध राहतो. मुलांना आधी एवढंच शोधायला लावा.

मग लंडनच्या पिकॅडिलीतल्या सेंट जेम्स चर्चमधली त्यांची चित्रं दाखवा. गुलामगिरीतून सुटून तिच्याविरुद्ध लिहिणाऱ्या ओटोबा कुगोआनो यांचा बाप्तिस्मा तिथे १७७३ मध्ये झाला. त्याला २५० वर्षं झाली म्हणून ही चित्रं करून घेतली.

चरित्र थोडक्यात पुरे: जन्म १९६९, वडील कादंबरीकार अर्ल लव्हलेस, कलाशिक्षण मार्टिनिकमध्ये, स्टुडिओ चाग्वारामासच्या जुन्या अमेरिकी लष्करी तळावर. वेस्ट इंडीज विद्यापीठात ते शिकवतात, हे मात्र आवर्जून सांगा.

सुतारपक्षी: ६ मिमी एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) घ्या. मापं निम्मी करा, १५ × १२.५ इंच. ८ × ४ फुटी शीटमधून २१ तुकडे निघतात (१५ ची बाजू शीटच्या रुंदीत), म्हणजे ८० तुकड्यांना ४ शीट. प्राइमर दोन्ही बाजूंना आणि कडांना, दोन हात, मध्ये २२० चा पॉलिश पेपर. एकाच बाजूला मारला तर फळी वाकते, पावसाळ्यात जास्तच, आणि चार फळ्या सपाट बसत नाहीत. कडा उघड्या राहिल्या तर पाणी पिऊन फुगतात.

गेरू_चुना: पिगमेंट: गेरू, रामरज (पिवळी माती), अल्ट्रामरीन (गडद निळा), टायटॅनियम पांढरा. आधी पाण्यात घट्ट लगदा घोटा, मग साधारण तेवढंच मॅट मीडियम (भुकटी धरून ठेवणारा बिनचकाकीचा ॲक्रिलिक द्रव). काजळी आणि थॅलो निळा पाण्यावर तरंगतात, त्यात आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन-चार थेंब घाला. सुकल्यावर ओल्या फडक्याने पुसून बघा. रंग हाताला आला तर मीडियम कमी पडलंय. पातळ करायला नुसतं पाणी वाढवत गेलं की हेच होतं. भुकटी कालवताना एन-९५ मास्क हवाच, कॅडमियमचे रंग विषारी, ते वर्गात आणूच नका. रांगोळीचे रंगही नकोत, भरड असतात आणि उडतात.

रंगपेटी: खूप आभार! चारही फळ्या एकत्र मांडून रंगवायच्या की एकेक?

गेरू_चुना: कोळशाचं रेखाटन चारही जोडून. मग फळ्या वेगळ्या करा आणि शेजारची न बघता प्रत्येक रंगवू द्या. हा वर्गासाठीचा सराव आहे, लव्हलेस यांची पद्धत म्हणून सांगू नका. दुसऱ्या दिवशी एकत्र मांडल्यावर मुलं लगेच जोडरेषेवर रंग ओढून ती बुजवायला जातील. तिथे थांबवा. दुरुस्ती जोडापासून लांब, फळीच्या पोटात करायला लावा. चित्र तिथूनच सावरतं.

सुतारपक्षी: जोडायला मागून लाकडी पट्ट्या फेविकॉलने. स्क्रू नकोत, ६ मिमीतून टोक पुढे येतं. पट्टीखालचा प्राइमर आधी घासून काढा, नाहीतर टांगल्यावर पट्टी सुटते.