दाढी असेल तर कमरेवरच्या बॅटरीचा रेस्पिरेटरच घ्या

भाऊ, तुम्ही विचारलं दाढी आहे, धुळीचा एन९५ मास्क चेहऱ्यावर नीट बसत नाही, तर बॅटरीवाला रेस्पिरेटर, म्हणजे पंख्यानं हवा गाळून तोंडापाशी सोडणारा, घेऊ का. घ्याच. मी नागपूरच्या लकडगंजातून सागवान आणून घरामागच्या शेडमध्ये काम करतो, लाकूड घासायचं मशीन, सँडर, बंद करून एन९५ काढला की दाढीत मास्कच्या कडेकडेनं पिवळट भुकटी बसलेली दिसायची, म्हणजे तेवढी आतही जातच होती ना. लाकडाची धूळ १९९५ पासून आयएआरसीच्या (जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था) पक्क्या कॅन्सरकारकांच्या यादीत आहे, हे हलक्यात नका घेऊ.

घेताना ढिल्या हूडचा, म्हणजे डोक्यावरून घालायच्या काचवाल्या टोपीचा घ्या, त्याला चेहऱ्यावर सील लागत नाही. हवा मिनिटाला किमान १७० लिटर, फिल्टर हेपा किंवा पी३ (दोन्ही अगदी बारीक धूळ अडवणारे), हवा कमी झाली की वाजणारा अलार्म पाहिजेच. पंखा-बॅटरी कमरेच्या पट्ट्यावर असलेला बरा, डोक्यावरच्या वजनानं मान भरून येते. मे महिन्यात आपल्याकडे पंचेचाळीस डिग्रीत हवा गरमच येते पण खेळती असते म्हणून काच धुकत नाही.

आणि थिनर-पॉलिशच्या वाफेला धुळीचा फिल्टर अजिबात चालत नाही, त्याला वेगळा लागतो. सँडर बंद केल्यावर लगेच हूड काढू नका, बारीक धूळ बराच वेळ हवेतच तरंगते.