चीनमध्ये खरंच प्रत्येक माणसाला मार्क असतात का?

शंकासुर
लोकहो, एक शंका आहे आणि शोधून शोधून डोकं पार भंजाळलंय. चीनबद्दल यूट्यूबवर काहीही टाका, दोनच प्रकारचे व्हिडिओ येतात, एकात चीन जग गिळायला निघालाय आणि दुसऱ्यात चीन पुढच्या दिवाळीपर्यंत कोसळणार. त्यातला सगळ्यात जास्त फिरणारा प्रकार म्हणजे ते सोशल क्रेडिट. म्हणे प्रत्येक नागरिकाला स्कोअर असतो, सिग्नल तोडला की कॅमेरा चेहरा ओळखतो आणि मार्क कापतो, सरकारविरुद्ध काही लिहिलं की अजून कापतो, आणि मार्क संपले की विमानाचं तिकीट बंद. एक मित्र म्हणतो शंभर टक्के खरं, दुसरा म्हणतो सगळा अमेरिकन प्रचार. नक्की काय आहे? कुणाला माहिती असेल तर जरा इस्कटून सांगा. भांडणं नकोत प्लीज.

पेंगुळलेला पोपट
भांडणं नकोत म्हणालात म्हणजे होणारच :)

थोडक्यात सांगायचं तर देशभर प्रत्येकाला एक आकडा असं काही नाहीये. २०१४ मध्ये तिथल्या मंत्रिमंडळाने, त्याला ते स्टेट काउन्सिल म्हणतात, २०२० पर्यंतचा सोशल क्रेडिटचा एक आराखडा काढला, आणि त्यातला मोठा भाग कंपन्यांबद्दल होता: कर बुडवणारे, भेसळ करणारे, करार मोडणारे वगैरे. २००८ चं दूध पावडरमधलं मेलामाइन प्रकरण आठवा, सहा तान्ही बाळं गेली आणि जवळपास तीन लाख आजारी पडली, त्यानंतर लोकांचा कशावर विश्वासच उरला नव्हता. आता तुमचं विमानाचं तिकीट. ते खरं आहे पण मार्कांशी त्याचा संबंध नाही. २०१३ पासून सर्वोच्च न्यायालयाची एक काळी यादी आहे, कोर्टाने पैसे भर म्हणून सांगितलं आणि ऐपत असून भरले नाहीत तर नाव त्यात. मग विमान बंद, हायस्पीड ट्रेन बंद, महागडी हॉटेलं बंद, पोरांना भारी फीच्या खाजगी शाळेत घालणंसुद्धा बंद. काही गावांत तर अशा लोकांचे फोटो चौकातल्या मोठ्या स्क्रीनवर लावतात.

लुओ योंगहाओ नावाचा एक फोनवाला उद्योजक आहे, त्याची कंपनी बुडाली, सगळं मिळून साठ कोटी युआनच्या आसपास कर्ज झालं, २०१९ मध्ये च्यांगसू प्रांतातल्या एका कोर्टाने त्याच्यावर असेच खर्चाचे निर्बंध घातले. गडी काय करतो, २०२० च्या एप्रिलपासून डोयिनवर (आपल्याला माहीत असलेल्या टिकटॉकचा चिनी भाऊ) लाइव्ह येऊन वस्तू विकायला लागला आणि कर्ज फेडत सुटला. विमानात बसायला बंदी आणि कोट्यवधी लोकांसमोर लाइव्ह, हे दोन्ही एकाच माणसाचं. आता हे कुठल्या व्हिडिओच्या साच्यात बसवणार?

मीनाक्षी_द
आणि मार्कांची भानगड आली कुठून ते राहिलं. दोन गोष्टींची सरमिसळ झालीये. एक म्हणजे अलीपे या चिनी पेमेंट ॲपवाल्यांनी २०१५ मध्ये काढलेला ३५० ते ९५० चा स्कोअर, तो खाजगी आहे, चांगला असला की सायकल भाड्याने घेताना डिपॉझिट माफ असले फायदे. दुसरं म्हणजे शानतोंग प्रांतातलं रोंगचेंग शहर, तिथे प्रत्येकाला १००० गुण देऊन सुरुवात केली होती, समाजसेवा केली की वाढ, नियम मोडला की घट. तो एका शहराचा प्रयोग. आणि अशा स्थानिक उत्साहाला २०२० च्या डिसेंबरात बीजिंगनेच लगाम घातला, की कायद्यात नसलेल्या शिक्षा परस्पर देत सुटू नका. पण तोवर २०१८ मध्ये अमेरिकेच्या उपाध्यक्षांनी, माइक पेन्स यांनी, भर भाषणात या सोशल क्रेडिट स्कोअरचा उल्लेख करून टाकला होता. झालं, सगळ्या चॅनलांना आयतं मिळालं.

रोखठोक_रावसाहेब
वरचे दोन्ही प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत पण वाचून असं वाटतं की चला, चीनमध्ये सगळं आलबेल, मीडिया उगाच बदनाम करतो. अहो २०२२ चं हनान प्रांतातलं बँक प्रकरण विसरलात का? चार ग्रामीण बँकांनी एप्रिलमध्ये लोकांच्या ठेवी गोठवल्या. जूनमध्ये ठेवीदार जाब विचारायला चंगचौला, म्हणजे प्रांताच्या राजधानीला, निघाले तर त्यांच्या फोनमधला कोविडचा हेल्थ कोड लाल झाला. आजार नाही काही नाही. लाल कोड म्हणजे ट्रेन नाही, हॉटेल नाही, थेट क्वारंटाइन. १३१७ लोकांचा कोड असा लाल केला होता, हा आकडा खुद्द तिथल्या शिस्तपालन समितीचा आहे. स्कोअर नसेना का, बटण तर आहे ना हातात.

पेंगुळलेला पोपट
रावसाहेब, आलबेल कोण म्हणालं? पण तुमच्याच उदाहरणात पुढे काय झालं तेही सांगा की. चिनी सोशल मीडियावर असा भडका उडाला की ग्लोबल टाइम्स या सरकारी वृत्तपत्राच्या माजी संपादकांनी, हू शीचिन यांनी, म्हणजे सरकारची कड घेण्यात ज्यांचा हात कुणी धरणार नाही त्यांनीसुद्धा टीका केली, आणि पाच अधिकाऱ्यांवर कारवाई झाली. स्थानिक साहेबावर लोक चिडले तर वरचे बरंच खपवून घेतात, बीजिंगवर बोट गेलं की मग दार बंद.

रोखठोक_रावसाहेब
कारवाई जूनमध्ये झाली, बरोबर. आणि १० जुलैला तेच ठेवीदार चंगचौत केंद्रीय बँकेच्या शाखेसमोर जमले तेव्हा पांढऱ्या शर्टातल्या अनोळखी लोकांनी त्यांना फरफटत नेलं, तेही सांगा. नंतर छोट्या ठेवींचे पैसे टप्प्याटप्प्याने परत करायला लागले. मला वाटतं रस्त्यावर उतरले म्हणूनच.

मीनाक्षी_द
दोघांचंही पटतंय. मला राग येतो तो आपल्या चॅनलांचा. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये शी जिनपिंग नजरकैदेत, बीजिंगमध्ये बंड, रणगाडे निघाले म्हणून किती बोंब ठोकली होती! शी उझबेकिस्तानहून परतले होते, परदेशातून येणाऱ्याला तेव्हा तिथे विलगीकरण होतं, म्हणून दिसले नसावेत इतकी साधी शक्यता कुणी बोलून दाखवली नाही. २७ तारखेला एका प्रदर्शनात टीव्हीवर दिसले आणि सगळं चिडीचूप. दोन महिन्यांनी शिनजियांगमधल्या उरुम्ची शहरात इमारतीला आग लागून दहा माणसं गेली, लोकांनी कोविडच्या निर्बंधांना दोष दिला आणि कितीतरी शहरांत पोरं सेन्सॉरशिपचा निषेध म्हणून कोरे कागद घेऊन खरोखर रस्त्यावर आली, तेव्हा तिथल्या सरकारी वाहिन्यांनी त्यातलं काही दाखवलं नाही आणि आपल्याकडे लगेच ‘क्रांती’. ७ डिसेंबरला कोविडचे निर्बंध सैल झाले, पोरं घरी गेली, त्यातल्या काहींना नंतर गुपचूप उचललं. त्या उचलण्याची बातमी किती जणांनी केली?

आणि चिनी पत्रकार म्हणजे सगळे भाट असंही नाही हं. २०२४ मध्ये बीजिंग न्यूजच्या पत्रकारांनी टँकरांचा पाठलाग करून दाखवलं की कोळशापासून बनवलेलं इंधन वाहून नेलेल्या टँकरमध्ये, तो न धुताच, खाद्यतेल भरतात. त्यात सरकारी धान्यसाठा कंपनीचंही नाव होतं.

शंकासुर
बापरे, बरंच कळलं. म्हणजे मित्र दोघेही अर्धवट निघाले. पण मग चेहरा ओळखणारे कॅमेरे, पाळत, ते पण फुगवलेलं का?

रोखठोक_रावसाहेब
ते अजिबात फुगवलेलं नाही. वायव्येकडच्या शिनजियांगमध्ये २०१७ पासून तिथल्या उइगुर मुस्लिम लोकांवर कॅमेरे, चेकनाके, फोनची तपासणी हे सगळं एका सिस्टिमला जोडलंय, आणि त्यातून निवडलेली माणसं छावण्यांत गेलीत. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ३१ ऑगस्ट २०२२ च्या अहवालात मानवतेविरुद्धचे गुन्हे असू शकतात असं लिहिलंय. गंमत बघा, खोट्या स्कोअरवर हजार व्हिडिओ आणि यावर मोजके.

पेंगुळलेला पोपट
यावर रावसाहेबांशी पूर्ण सहमत, नोंद घ्या. पण शिनजियांगसाठी वेगळा धागा काढा राव, इथे दोन ओळींत उरकण्यासारखं ते नाही. रावसाहेब, तुम्हीच काढा, मी येतो भांडायला.