'अपलोडला सबडोमेन बास' म्हणणाऱ्या भाऊंना, जरा सविस्तर

आडगावकर
परवा सिडकोच्या बाळ्याने टाकलेली पोस्ट जेवताना वाचली आणि ठसका लागला. पोस्ट अशी: "युजरने चढवलेल्या फायलींसाठी वेगळं डोमेन घेणं हे मोठ्या कंपन्यांचं खूळ आहे. आपल्यासारख्यांना 'फाइल्स डॉट अमुक डॉट इन' असं सबडोमेन, म्हणजे मुख्य पत्त्याचीच फांदी, बास. उगाच दरवर्षी पैसे कशाला घालवायचे?" खाली ढीगभर अंगठे. त्यातले निम्मे माझ्या ओळखीचे, म्हणून राग जास्त.

बाळ्या, ब्राउझरला तुझा हेतू कळत नाही, पत्ता कळतो. तुझ्या पत्त्यावरून जे उतरलं ते तुझं. मग ते तू लिहिलेलं असो की कुणी रात्री दोनला चढवलेलं.

माझ्यावर गुदरलेली सांगतो. एका वितरकाचं पोर्टल आम्ही सांभाळायचो. डीलरने स्वतःचा लोगो चढवायचा, साहेबांनी तो बघून मंजूर करायचा. एका डीलरच्या लॉगिनमधून एसव्हीजी, म्हणजे कोडमध्ये लिहिलेलं चित्र, आला. एसव्हीजीच्या पोटात स्क्रिप्ट, उघडताच ब्राउझरमध्ये चालणारा प्रोग्राम. साहेबांनी मोठा करून बघायला नव्या टॅबमध्ये उघडला आणि त्यांच्याच लॉगिनवर एक नवा अॅडमिन तयार झाला. लॉगिन लक्षात ठेवणारी कुकी एचटीटीपी-ओन्ली होती, म्हणजे स्क्रिप्टला वाचता न येणारी, पण उपयोग शून्य. स्क्रिप्टला कुकी वाचायचीच नव्हती, ती साहेबांच्या खुर्चीत बसली होती. आम्हाला कळलं नवव्या दिवशी, तेही दरपत्रक बदललेलं कुणीतरी पाहिलं म्हणून.

आणि 'खूळ' म्हणतोस ते कुणाकुणाला आहे बघ. गिटहबने २०१३ च्या एप्रिलमध्ये लोकांची पेजेस गिटहब डॉट कॉमवरून उचलून गिटहब डॉट आयओवर नेली. गूगल अटॅचमेंट वगैरे गूगलयूजरकंटेंट डॉट कॉमवरून देतं. ड्रॉपबॉक्सचंही तसंच वेगळं डोमेन आहे. मराठी विकिपीडियावर कुठलंही चित्र उघडून पत्ता बघ, अपलोड डॉट विकिमीडिया डॉट ऑर्ग दिसेल, विकिपीडिया नाही. शिवाय २००५ मध्ये मायस्पेसवर सॅमी नावाच्या किड्याने, म्हणजे आपोआप पसरणाऱ्या स्क्रिप्टने, एका दिवसाच्या आत १० लाखांवर प्रोफाइल पछाडली, ते विसरू नकोस.

आपल्या नाशिकला तर हे समजवावं लागू नये. सिंहस्थात शैव आखाडे त्र्यंबकला कुशावर्तात, वैष्णव रामकुंडात. एकाच कुंडात दोरी बांधून भागवलं नाही, गावंच वेगळी ठेवली.

सिडकोचा बाळ्या
ठसका उतरला का? पाणी पी आणि स्वतःचीच पोस्ट परत वाच. तुझा एसव्हीजी मुख्य डोमेनवर होता. सबडोमेनवर असता तर ओरिजिन, म्हणजे ब्राउझर ज्याला एकच घर धरतो तो नेमका पत्ता, वेगळा झाला असता आणि गोष्ट तिथेच संपली असती. म्हणजे माझ्याच बाजूने साक्ष दिलीस. आभारी आहे.

सॅमीचंही तेच. तिथे फाइल अपलोड नव्हतीच, प्रोफाइलच्या मजकुरातून स्क्रिप्ट घुसवली होती. वेगळी दहा डोमेनं असती तरी काय थांबलं असतं?

आता माझं ऐक. कुकी कुठकुठे जायची ते सांगणारं डोमेन तिला लावू नकोस, म्हणजे ती सबडोमेनला जातच नाही. नावाला होस्टचा प्रीफिक्स लाव, म्हणजे सबडोमेनवरून कुणी खोटी कुकी टाकू शकत नाही. नोस्निफ (फाइलचा प्रकार ब्राउझरने स्वतः ताडू नये), अटॅचमेंट म्हणून डाउनलोड, आणि सीएसपीत, म्हणजे पानाला काय करू द्यायचं त्या नियमांत, सँडबॉक्स (फाइलला कोंडून ठेवणं). सगळं फुकट. कुंभमेळ्याचे दाखले देण्यापेक्षा चार हेडर, म्हणजे फाइलबरोबर ब्राउझरला जाणाऱ्या सूचना, लिहायला शिक. तसंही गावं वेगळी ठेवून २००३ ला चेंगराचेंगरी टळली का?

गंगापूररोडची
बाळ्या, त्यात माणसं गेली आहेत. त्यावरून मुद्दे मारू नकोस, बरं दिसत नाही.

सिडकोचा बाळ्या
ताई, चुकलं. शेवटचं वाक्य मागे घेतो. बाकीचं नाही.

आडगावकर
सॅमीचं मान्य. उदाहरण चुकलं, झालं समाधान? एसव्हीजीचंही अर्धं मान्य.

पण तुझी ती चार-पाच कुलपं लावणारा तू आहेस. तू गेल्यावर? आमच्याकडेही कुकीला डोमेन नव्हतं. मग ग्राहक म्हणाला, "अॅप आणि अकाउंट दोन्हीकडे एकदाच लॉगिन हवं." नव्या पोराने एका दुपारी डोमेन लावून टाकलं. चाललं म्हणून कुणी बघितलंही नाही. त्या दिवसापासून लॉगिनची कुकी फायलींच्या सबडोमेनलाही जायला लागली. वेगळ्या डोमेनला हे कळूच शकत नाही, कारण तिथे कुकी पाठवायची म्हटलं तरी पाठवता येत नाही. मला तेच हवंय. पोरगं कितीही हुशार निघालं तरी त्याला मोडता येणार नाही असं.

निफाडचा प्लॉटवाला
मी तुमच्यातला नाही, द्राक्षवाला आहे. मुलगा हे वाचत होता म्हणून मध्ये बोलतो. मागच्या हंगामात रेसिड्यूचा, म्हणजे मालात उरलेल्या औषधांच्या अंशाचा, रिपोर्ट लिंकने आला. ज्यांच्याकडे माल द्यायचा त्यांचं नाव लिंकमध्ये कुठेच नाही. कसलंतरी तिरपागडं नाव, पुढे पन्नास अक्षरं. मुलगा म्हणाला, "अण्णा, हात लावू नका." आमच्या भाऊबंदातल्या एकाने चलानची म्हणून आलेली एपीके, म्हणजे फोनमध्ये अॅप टाकणारी फाइल, उघडली आणि खातं रिकामं झालं होतं. मी लिंक पुसून टाकली. दोन दिवसांनी फोन आला, "रिपोर्ट बघितला का? गाडी कधी लावू?" तोवर वर ढग. माझ्या जिवाला काय घोर होता ते मलाच माहीत.

मग मी वेडा का शहाणा?

सिडकोचा बाळ्या
अण्णा, तुम्ही शहाणे! हाच माझा मुद्दा, मला इतका नीट मांडता आला नव्हता. आपण लोकांना सांगत सुटतो की पत्ता बघा. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत डॉट बँक डॉट इनवर यायला लावलं, कशासाठी? लोकांना एक ओळखीची पाटी दिसावी म्हणून. आणि आडगावकर म्हणणार, पाटी एक आणि माल दुसऱ्याच गाळ्यातून.

आता वेगळ्या डोमेनची माझी गोष्ट ऐक. एका ग्राहकाच्या जुन्या एजन्सीने पावत्यांसाठी असंच एक डोमेन घेतलं होतं. एजन्सी बंद पडली, रिन्यूअलची मेल गेली सोडून गेलेल्या माणसाकडे. डोमेन सुटलं, कुणीतरी उचललं. व्हॉट्सअॅपवर फिरलेली प्रत्येक जुनी पावतीची लिंक रमीच्या जाहिरातीवर जायला लागली. आणि लोक फोन कुणाला करत होते? मला. चार महिने. सबडोमेन असं चोरीला जात नाही, मालकाचं मुख्य डोमेन जिवंत तोवर तेही जिवंत. २०२४ मध्ये पॉलीफिल डॉट आयओ, म्हणजे साइटींना तयार कोड पुरवणारं डोमेन, विकलं गेल्यावर लाखभर साइटींवर घातकी कोड कसा पोचला ते तुला मी सांगायला नको.

आणि फॉन्ट. वेगळ्या डोमेनवर मीडिया नेताना फॉन्टचा फोल्डरही नेला, दुसऱ्या डोमेनला फॉन्ट वापरू देणारा कॉर्सचा हेडर द्यायचा राहिला. सगळी साइट विंडोजच्या मंगल फॉन्टमध्ये दिसायला लागली. ग्राहक म्हणतो, "मराठी का बिघडलं?"

बोरूबहाद्दर
मंगलचं नाव निघालंच आहे तर बोलतो. तुमचं डोमेन बिमेन राहू द्या बाजूला. त्या वेगळ्या डोमेनवर ठेवता काय? श्रीलिपीत, म्हणजे युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टात, केलेले पीडीएफ! दिसतं मराठी, कॉपी करा तर इंग्रजी अक्षरांचा लगदा. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या सामायिक अक्षरसंकेतात, देवनागरी १९९१ पासून आहे. विंडोज २००० पासून संगणकातही आहे. आणि माझ्या सोसायटीची नोटीस आजही अशी येते की तिच्यात स्वतःचं नाव शोधता येत नाही.

आडगावकर
बोरूबहाद्दर, धाग्याचा विषय काय, तुम्ही बोलताय काय!

बोरूबहाद्दर
विषय लोकांनी चढवलेल्या फायली हाच ना? मी तेच बोलतोय. फाइल सुरक्षित ठेवून वाचता येत नसेल तर तिजोरीत रद्दी.

सातपूर_शिफ्ट
श्रीलिपीला नावं ठेवू नका हो. माझ्या वडिलांचा रविवार कारंज्याजवळ छापखाना होता, अख्खं घर त्या कीबोर्डवर चाललं. युनिकोडमध्ये पत्रिका जुळवायला गेलं की जोडाक्षरं मोडायची, छपाईच्या सॉफ्टवेअरला ती कळतच नव्हती. गिऱ्हाइकाला 'श्रद्धा' नीट छापून हवं, शोधून नको. लोक हौसेने नाही चिकटले त्याला.

बोरूबहाद्दर
तेव्हाचं कबूल. आता काय अडचण आहे? आता तर उगाच आळस. आणि युनिकोडवाल्यांनीही मिरवू नये. 'वाऱ्याने' मधला ऱ्या दोन तऱ्हांनी टंकता येतो, एकदा ऱ घेऊन, एकदा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक घालून. डोळ्याला एकच, शोधताना दोन. माझ्या यादीत एकच मोऱ्यांचं घर दोनदा होतं, दोघांनाही वर्गणीची पावती गेली.

सातपूर_शिफ्ट
मोरे काय म्हणाले?

बोरूबहाद्दर
दोन्ही भरल्या त्यांनी. सज्जन माणूस. पण मुद्दा तो नाही.

पाथर्डीफाटा
आणि मंगलमधला तो हिंदी ल आणि श? त्यावर कुणी बोलणार का? पानाला मराठीची भाषाखूण दिली तर बऱ्याच फॉन्टमध्ये मराठी वळणाची अक्षरं येतात. दोन अक्षरांची खूण. ती द्यायलाही कुणाला वेळ नाही.

बोरूबहाद्दर
अहो पाथर्डीफाटा, तुम्हाला साष्टांग. तीन वर्षं मी हे एकटाच ओरडतोय.

आडगावकर
आरती झाली असेल तर मूळ देवळात येऊ या का?

गंगापूररोडची
मी येते. दोघांचंही अर्धवट आहे.

बाळ्या, तुझी हेडरं बरोबर आहेत, पण दोन गोष्टी गाळल्यास. एक, सेमसाइट या कुकीच्या नियमाच्या लेखी सबडोमेन घरचंच असतं. 'बाहेरून आलेली विनंती अडवा' म्हणून जे संरक्षण आपण धरून चालतो, ते तुझ्या फायलींच्या सबडोमेनला अडवतच नाही. दोन, २०१८ मध्ये स्पेक्टर हा प्रोसेसरमधला दोष उघड झाल्यावर क्रोमने साइटी वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये टाकायला घेतल्या, पण ती भिंत साइटनुसार. सबडोमेन बहुधा मुख्य साइटबरोबर एकाच खोलीत झोपतं.

आडगावकर, तुम्ही वेगळं डोमेन घेतलंत, छान. त्यावर सगळ्यांच्या फायली एकाच नावाखाली ठेवल्यात? मग आता एकाची एचटीएमएल फाइल आणि दुसऱ्याची फाइल एकाच ओरिजिनमध्ये. तुम्ही मालकाचं घर वाचवलंत आणि भाडेकरूंना एका खोलीत कोंडलंत. गिटहब डॉट आयओ पब्लिक सफिक्सच्या यादीत आहे, त्यामुळे तिथला प्रत्येक माणूस ब्राउझरला वेगळी साइट वाटतो. तुमचं डोमेन त्या यादीत आहे?

आडगावकर
नाही.

सिडकोचा बाळ्या
😂 स्क्रीनशॉट काढून ठेवला.

आडगावकर
हसू नकोस. आमच्याकडे एचटीएमएल घेतच नाही, फोटो आणि पीडीएफ फक्त. लिंक सही केलेली, म्हणजे सर्व्हरने शिक्का मारून दिलेली, पंधरा मिनिटांत मरते, त्या डोमेनवर कुणाची कुकीच नाही. चोरायला आहे काय तिथे? पण ताई, लोकांना पानं बनवू द्यायची तर तुमचं बरोबर. एवढं कबूल. बाळ्याला मात्र काहीही कबूल नाही.

निफाडचा प्लॉटवाला
पंधरा मिनिटांत मरते? मी बागेत असतो. घरी येऊन चष्मा सापडेपर्यंतच पंधरा मिनिटं जातात.

सिडकोचा बाळ्या
अण्णा, तुम्ही रोज येत जा इथे.

गंगापूररोडची
अण्णांच्या त्रासाला उत्तर आहे. त्यांना जी लिंक पाठवायची ती मुख्य, ओळखीच्या डोमेनची. तिथे कंपनीचं नाव, 'रिपोर्ट बघा' असं बटण. बटण दाबलं की त्या क्षणी सही केलेली लिंक तयार होऊन फाइल वेगळ्या डोमेनवरून उतरते. तिरपागडं नाव व्हॉट्सअॅपवर कधी जातच नाही आणि पंधरा मिनिटांचं घड्याळ बटण दाबल्यावर सुरू होतं. रमीवाल्याने उद्या डोमेन पळवलं तरी जुन्या संदेशातल्या लिंका मुख्य डोमेनच्याच, म्हणजे एका ठिकाणी दुरुस्ती. बाळ्या, तुझे ते चार महिने वाचले असते.

सिडकोचा बाळ्या
...हे आडगावकरने पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं असतं तर मी भांडलोच नसतो. त्याने कुंभमेळा लिहिला.

आडगावकर
तू भांडला असतासच.

सिडकोचा बाळ्या
भांडलो असतो. पण कमी. बरं, ज्या पोर्टलवर बाहेरचं कुणीही फाइल चढवू शकतं तिथे घेतो वेगळं डोमेन. माझ्या तीन ग्राहकांकडे फक्त ऑफिसातली चार माणसं चढवतात, तिथे सबडोमेनच ठेवणार, आणि त्यावर पुन्हा धागा काढलास तर मी तुला ब्लॉक करीन. डोमेन जास्तीत जास्त दहा वर्षांचं एकदम घेता येतं. सल्ला तुझा, तर दहा वर्षांचे पैसे तू भर.

आडगावकर
मिसळ खाऊ घालतो. डोमेन तुझं तू घे. रिन्यूअलची मेल मात्र दोघांच्या पत्त्यावर लाव, एकाच्या नको.

निफाडचा प्लॉटवाला
मग आता तसली लिंक आली तर उघडायची का नाही, तेवढं एक सांगा कुणीतरी.

गंगापूररोडची
अण्णा, आधी त्यांना फोन करा. त्यांच्या जुन्या नंबरवर, संदेशात दिलेल्या नाही. त्यांनीच पाठवली असेल तर उघडा.

बोरूबहाद्दर
उघडा, पण त्यातून काही कॉपी करायला जाऊ नका.